आधी जखम सुकू द्या

कुंडी हलवताना एचेवेरियाचं, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या एका सक्युलंटचं, एखादं पान खटकन तुटतं. आपण हळहळत ते उचलतो, मातीत खोचतो आणि वर पाणी घालतो. सुरुवातीला मीही हेच करत असे. चार-पाच दिवसांत पान काचेसारखं पारदर्शक व्हायचं आणि बोट लावलं की लिबलिबीत गर हाताला यायचा. अशी कितीतरी पानं वाया गेली. कारण दर वेळी एकच होतं, जखम ओली असताना घातलेलं पाणी.

तुटलेलं पान उलटं करून बघा. खोडापासून जिथे सुटलं, तिथे नखाच्या कोरीसारखी एक खूण असते. पहिल्या दिवशी ती ओली, चकचकीत असते. दोन दिवसांनी तिची चमक जाते आणि मग तिथे बदामी रंगाची कडक खपली धरते. या खपलीत बरंच काही घडलेलं असतं. उघड्या पडलेल्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ साठतो. बाटलीच्या लाकडी बुचातून पाणी झिरपत नाही, तेही याच पदार्थामुळे. आता पानातलं पाणी बाहेर जात नाही आणि बुरशीला, जिवाणूंना आत शिरणं अवघड होतं.

त्याच वेळी पानात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक नेहमीसारखं देठाकडे उतरत असतं. पुढे खोडच नाही, म्हणून ते तुटल्या जागी साचतं. त्याच्या प्रभावाखाली तिथल्या पेशी पुन्हा विभागू लागतात. आधी सहसा गुलाबीसर मुळं फुटतात, मग मुगाच्या दाण्याएवढा पानांचा झुबका दिसतो. क्वचित मुळंच येतात, झुबका येतच नाही. पान काढताना ते हलकेच डावी-उजवीकडे हलवून बुडासकट सोडवावं. नवा अंकुर बुडाजवळच्या पेशींतून येत असल्याने मधूनच मोडलेलं पान सहसा फुकट जातं.

सुकलेलं पान कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं, खोचायचं नाही. उजेड भरपूर हवा, पण कडक ऊन नको. मुळं दिसू लागली की माती जरा ओलसर करायची. जुनं पान हळूहळू सुरकुततं, कारण त्यातलं पाणी आणि अन्न पिल्लू वापरत असतं. ते घाईने ओढून काढू नये.

आठवडेच्या आठवडे पाण्याशिवाय पान जगतं कसं? साध्या झाडांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा उघडी असतात आणि त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. बहुतेक सक्युलंट ती रात्री उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दारं बंद करून त्यापासून साखर बनवतात. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाला याची चाहूल चक्क जिभेने लागली होती. पानफुटीची पानं सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट लागतात, असं त्याने लिहिलं. ते पत्र 1815 साली छापलं गेलं. (तुम्ही मात्र चव घेऊ नका. या कुळातल्या काही वनस्पती विषारी आहेत.) पाणी फारच तुटलं तर अनेक सक्युलंट रात्रीही रंध्रं उघडत नाहीत. श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत पुन्हा वापरतात आणि तग धरून राहतात.

हा मार्ग सगळ्यांना लागू नाही. एओनियम या सक्युलंटची पानं सहसा रुजत नाहीत, त्याची खोडासकट फांदी कापून सुकवावी लागते. कोरफडीचं पान मातीत सडतं, म्हणून तिची बाजूची पिल्लंच वेगळी करायची. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटची गंमत तर बघण्यासारखी आहे. पानाचा तुकडा रुजतो, पण नवं रोप संपूर्ण हिरवं निघतं. पिवळा काठ आणि हिरवा मधला भाग या मुळात जनुकीयदृष्ट्या वेगळ्या पेशी असतात, आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो. काठ हवा असेल तर गड्ड्याची विभागणी करावी.

कुंडी बदलताना हीच जखम जमिनीखाली होते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. माती झटकताना कितीही जपलं तरी बारीक मुळं तुटतात. लगेच पाणी घातलं की मातीतली हवा कमी होते आणि तुटक्या टोकांतून कूज आत शिरते. काळी, मऊ मुळं कापून टाकावीत आणि रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडंच ठेवावं. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद घ्यावी. जास्तीच्या मातीत मुळं नसतात, त्यामुळे ती ओलीच राहते.

तळाशी खडे घातले की निचरा होतो, हा समज मात्र मनातून काढून टाकायला हवा. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. बारीक छिद्रं केशाकर्षणाने तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतात, आणि उभ्या स्पंजात त्या ओल्या पट्ट्याचा वाटा कमी होतो. कुंडीतही असाच पट्टा असतो. खाली खडे टाकले तर तो नाहीसा होत नाही, उलट वर सरकून मुळांजवळ येतो. त्यापेक्षा सगळं मिश्रणच भरड करावं. मी निम्म्याहून जास्त जाड रेती आणि परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) घेते, उरलेली साधी माती. भोकावर फक्त जाळीचा तुकडा ठेवते.

कुंडी बदलून आठवडा झाला की मी सगळ्यात खालचं पान दोन बोटांत हलकेच दाबून बघते. टणक लागलं तर आणखी थांबते. किंचित मऊ पडलं असेल आणि बारीक सुरकुती दिसत असेल, तर भोकातून वाहीपर्यंत पाणी घालते.