छत्री कुणाच्या गच्चीवर?

केबल घ्यायची की डिश, हा प्रश्न आमच्या सोसायटीत नवा आलेला प्रत्येक भाडेकरू अजून विचारतो. वॉचमनकडे दोन्हीचे नंबर असतात. विचारणाऱ्याच्या मनात साधारण असं असतं की केबल म्हणजे तारेतून येणारा टीव्ही आणि डिश म्हणजे आभाळातून येणारा. यातलं अर्धंच खरं. केबलवाल्याचे चॅनेलही आभाळातूनच येतात. विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर ठाण मांडून बसलेल्या उपग्रहाकडून ते निघतात, कुठल्यातरी छत्रीत पडतात आणि तिथून पुढे तारेने घरोघरी जातात. फरक एवढाच, की छत्री कुणाच्या गच्चीवर आहे. गेल्या पस्तीसेक वर्षांत ती बऱ्याचदा हलली, आणि दर वेळी बिल कुणाला द्यायचं आणि भांडायचं कुणाशी, हेही बदललं.

छत्रीच्या आधी अँटेना होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही दिसू लागलं. एक गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा जिन्यात उभा राहून निरोप पोचवतोय आणि तिसरा टीव्हीसमोरून ओरडतोय, "आलं, आलं... गेलं! परत मुंग्या!" हा प्रसंग ज्या घराने अनुभवला नाही ते घर त्या काळचं नव्हेच. पण पैसे कुणाला द्यायचे, कोणता चॅनेल घ्यायचा, असले प्रश्न नव्हते. एकच दुकान, एकच माल.

तार घरात आली ती उपग्रहाच्या आधी, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या उंच इमारतींत कुणीतरी तळमजल्यावर व्हीसीआर ठेवला, मजल्यामजल्यावर वायर नेली आणि रोज दोन-तीन सिनेमे दाखवून घरटी महिन्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. केबलवाला नावाचा माणूस इथे जन्मला. परवाना नाही, कायदा नाही. भांडवल म्हणजे एक व्हीसीआर, वायरची गुंडाळी आणि ओळखीपाळखी.

मग १९९१ आलं. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर बगदादचं आकाश थेट दिसू लागलं. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीने आशियासॅट-१ वरून चॅनेल सोडायला सुरुवात केली. या उपग्रहाची गोष्ट मला फार आवडते, कारण तो चक्क सेकंडहँड होता. मूळचा तो अमेरिकेचा वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४मध्ये सोडला तेव्हा चुकीच्या कक्षेत अडकला, नोव्हेंबरमध्ये अंतराळवीरांनी शटलमधून जाऊन त्याला परत आणला, डागडुजी झाली, विकला गेला, आणि एप्रिल १९९०मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला. २ ऑक्टोबर १९९२ला सुरू झालेला झी टीव्हीही त्याच्यावरूनच आला. आपल्याकडच्या खासगी टीव्हीचं सगळं वैभव अशा जुन्या बाजारातल्या मालावर उभं राहिलं.

हे चॅनेल सी-बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर यायचे. त्या लहरींची लांबी सात-आठ सेंटिमीटर आणि सिग्नल क्षीण, त्यामुळे पकडायला आठ ते बारा फुटांची जाळीची छत्री लागे. ती एकट्या घराला परवडणारी नव्हती आणि ठेवायला जागाही नव्हती. म्हणजे छत्री केबलवाल्याचीच असणार, हे विज्ञानानेच ठरवून टाकलं होतं. आमच्या इमारतीत ती पाण्याच्या टाकीशेजारी बसली. गच्ची वापरू दिल्याबद्दल सेक्रेटरी आणि खजिनदार यांना फुकट जोडणी मिळाली. बाकीच्यांनी महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे. टाकीखालच्या खोलीत रिसीव्हर, एक पंखा आणि कॅसेटींचा ढीग. तिला सगळे 'कंट्रोल रूम' म्हणत. गणपतीत तिथूनच वॉर्डातल्या मंडळांच्या आरत्या आणि विसर्जन लाइव्ह दाखवायचे. खाली साडी सेंटर आणि क्लासेसच्या जाहिरातींची पट्टी सरकत राहायची. हा लोकल चॅनेल म्हणजे केबलचा खरा जीव. पुढे डिशने शेकडो चॅनेल दिले, पण शेजारच्या गल्लीतली मिरवणूक कधी दिली नाही.

सरकारला हे सगळं पचायला वेळ लागला. १८८५च्या तार कायद्याच्या चौकटीत गल्लीतल्या वायरी बसवायच्या कशा? सप्टेंबर १९९४मध्ये अध्यादेश निघाला, १९९५मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला, आणि केबलवाल्याने नोंदणी करायची ती मुख्य टपाल कचेरीत! त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात निकाल दिला. वाद हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता. निकाल त्याहून फार पुढे गेला. प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असं न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने सांगितलं. आपल्या मराठी न्यायमूर्तींच्या नावावर टीव्हीच्या इतिहासातला एवढा मोठा निकाल आहे, याचा उल्लेख आपण फारच कमी करतो.

आता इथे गोष्ट वळण घेते. तंत्रज्ञानाच्या हिशेबाने छत्री आपल्या खिडकीत यायला १९९७ सालीच हरकत नव्हती. केयू बँडच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या, त्यांना दोन फुटी तबकडी पुरते. स्टार टीव्हीचे मालक रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने आयस्कायबी या नावाने डिश सेवेची तयारीही चालवली होती. जुलै १९९७मध्ये सरकारने ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचे (म्हणजे केयू बँडचेही) सिग्नल घेणारी उपकरणं बाळगण्यावरच बंदी घातली आणि खेळ संपला. परदेशी मालकी, सुरक्षा, संस्कृती अशी सगळी भीती त्यात होती. नोव्हेंबर २०००मध्ये बंदी उठली, मार्च २००१मध्ये नियम आले. परदेशी भांडवलाला ४९ टक्क्यांची मर्यादा, १० कोटी रुपये प्रवेश शुल्क, आणि वर दरसाल उत्पन्नाच्या १० टक्के सरकारला. म्हणजे 'केबल की डिश' हा प्रश्न भारतीय घरात सहा वर्षं उशिरा आला, आणि तो उशीर दिल्लीत ठरला होता. त्या सहा वर्षांत केबलवाल्याने गल्ली पक्की केली.

पक्की म्हणजे किती? प्रत्येकाचा 'एरिया' ठरलेला. या रस्त्याच्या अलीकडे हा, पलीकडे तो. एका इमारतीत दुसऱ्याची वायर शिरली की कटर चालायचे. त्यामुळे गिऱ्हाइकाला केबल घ्यायची की नाही एवढंच ठरवता यायचं; कुणाची, हे नाही. मोठ्या कंपन्या आल्या, त्यांनी शहरभराची केंद्रं उभारली, आणि गल्लीतला माणूस त्यांच्याकडून सिग्नल घेऊन पुढे वाटू लागला. गच्चीवरची छत्री तिथेच राहिली, पण खरी छत्री शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. जोडण्या किती, हे मात्र गल्लीतल्या वहीतच. वर सांगायचा आकडा वेगळा, वसुलीचा वेगळा. कलेक्टर कचेरीला करमणूक कर जोडणीमागे भरायचा, एका टप्प्यावर महापालिका हद्दीत महिन्याला ४५ रुपये. तेव्हा आकडा का लपायचा हे समजायला फार हुशारी लागत नाही.

डिश टीव्ही २००३मध्ये सुरू झाली तेव्हा फार कुणी उड्या मारल्या नाहीत, कारण स्टार आणि सोनीचे चॅनेल तिच्यावर नव्हतेच. सासू-सुनांच्या मालिका ज्यावर नाहीत तो टीव्ही कोण घेईल? २००४च्या अखेरीस ट्राय या दूरसंचार नियामकाने नियम केला की चॅनेलवाल्यांनी आपला माल सगळ्या वितरकांना समान अटींवर द्यायचा. हा कागदी वाटणारा नियम माझ्या मते कुठल्याही उपग्रहापेक्षा महत्त्वाचा. त्यानंतर ऑगस्ट २००६मध्ये टाटा स्काय आली, २००८मध्ये बिग टीव्ही आणि एअरटेल, २००९मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या डीडी डायरेक्टला तर महिन्याचं भाडंच नव्हतं. बॉक्स आणि छत्री एकदा विकत घ्यायची, झालं. जिथे केबलवाला कधी पोचलाच नाही अशा वाड्या-वस्त्यांवर हीच छत्री लागली.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने या वर्षांत घरोघर चर्चिला गेला, आणि महाराष्ट्रात त्याला दोन स्थानिक पदर होते. एक पाऊस. छोट्या लहरीला पावसाचा थेंब जास्त अडवतो, सी-बँडला तेवढा नाही. जुलैत कोकणात धो-धो सुरू झालं की डिशवाल्या घरात 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी, आणि शेजारच्या केबलवर मालिका निवांत चालू. दुसरा पदर भारनियमनाचा. २००५नंतरची काही वर्षं राज्यात तासन् तास वीज जायची. केबलच्या वाटेवर जागोजागी सिग्नल वाढवणारे, विजेवर चालणारे अँप्लिफायर असतात. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी मधल्या गल्लीतली वीज गेली की लाइन मेली. डिशला फक्त तुमच्या घरची वीज पुरायची. त्यामुळे पावसाळ्यात केबल बरी आणि उन्हाळ्यात डिश बरी, असं माझा मावसभाऊ म्हणायचा, आणि त्याच्याकडे दोन्ही होती.

तिसरी अडचण मुंबईकरांची. उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्याला दक्षिणेकडे. फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या उत्तरेला उघडत असतील तर तबकडी लावायची कुठे? मग गच्चीवर लावा, सात मजले वायर खाली सोडा, सोसायटीची परवानगी काढा. (तबकडी दिसते तेवढी समोर बघत नसते, बरीच वर बघत असते; त्यामुळे समोरची इमारत नेहमीच आड येते असं नाही. बसवायला आलेल्या पोराला हे पटवायला मला अर्धा तास लागला होता.)

पण लोक ठरवायचे ते बहुतेक माणसावरून. केबलवाला पाच तारखेला दारात यायचा. "पुढच्या आठवड्यात देतो रे," म्हटलं की मान हलवून जायचा, आणि फोन उचलायचा नाही तो नाहीच. डिशचे पैसे संपले की रात्री बाराला पडदा काळा. उधारी नाही, दयामाया नाही. पण बारा वेळा फोन करून तक्रारीचा नंबर तरी मिळतो. ज्यांचं केबलवाल्याशी भांडण झालं ते डिशकडे गेले, ज्यांना कॉल सेंटरचा वैताग आला ते परत आले. आणि परत येताना बॉक्स माळ्यावर. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा, अशी अट परवान्यात होती. प्रत्यक्षात तसा बॉक्स बाजारात कधी दिसला नाही.

दरम्यान सरकार केबलवरही बॉक्स आणू पाहत होतं. त्याची कहाणी मुदतवाढींची. पे चॅनेल बॉक्समधूनच दाखवायची कॅस नावाची पद्धत २००३मध्ये चार महानगरांत यायची होती. चेन्नईत आली, मुंबईच्या काही भागात उगवायला २००७ उजाडलं. फुकट चॅनेलांचे ७७ रुपये आणि प्रत्येक पे चॅनेलला जास्तीत जास्त ५, असा तो साधासुधा हिशेब होता. पुढे सगळीच केबल डिजिटल करायचं ठरलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ची मुदत, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ची. जुन्या केबलवर साठ-सत्तर चॅनेल पार झाले की शेवटच्यांवर मुंग्याच असायच्या. कमी नंबरची चांगली जागा मिळावी म्हणून चॅनेलवाले केबल कंपन्यांना पैसे मोजत. बॉक्स आल्यावर चित्र दोन्हीकडे सारखंच स्वच्छ झालं आणि वहीतला आकडाही उघडा पडला.

मग उरला दर. तोही फेब्रुवारी २०१९मध्ये सारखा झाला. ट्रायच्या नव्या आदेशाने पहिल्या १०० चॅनेलांना १३० रुपये नेटवर्क शुल्क, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे; त्यावर प्रत्येक पे चॅनेलची छापील किंमत, मग ते तारेने घ्या की तबकडीने. झी मराठीला १९ रुपये, स्टार प्रवाहला ९. त्या महिन्यात घरोघरी कागद-पेन घेऊन चॅनेल निवडण्याची बैठक झाली. आमच्या घरी बाबांनी बातम्यांचे सात चॅनेल मागितले आणि आईने विचारलं, "सगळ्यांवर एकच भांडण असतं ना?" आपल्याला हवं तेवढंच घ्या, अशी कल्पना होती, बहुतेकांनी शेवटी कंपनीने बांधून दिलेला गठ्ठाच घेतला. पुढे दरमर्यादा १२वर आली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पुन्हा १९ झाली, आणि जुलै २०२४मध्ये नेटवर्क शुल्काची मर्यादाच काढून टाकली.

तोवर गिऱ्हाईक तिसरीकडे, म्हणजे इंटरनेटकडे, निघालं होतं. पैसे भरून डिश बघणारी कुटुंबं २०२०च्या सुमारास सात कोटी होती. मार्च २०२५ला ती ५ कोटी ६९ लाखांवर आली. व्हिडिओकॉन डीटूएच २०१८मध्येच डिश टीव्हीत विलीन झाली, टाटा स्कायने २०२२मध्ये नावातला स्काय काढून प्ले घातलं. नाव बदलण्यातच सगळं आलं.

आमच्या केबलवाल्याचा मुलगा आता त्याच खांबांवरून फायबर टाकतो. पाच तारखेला तोच येतो, क्यूआर कोड दाखवतो. आईच्या मोबाइलमध्ये त्याचं नाव 'केबल' असंच आहे. टाकीशेजारची जाळीची छत्री गंजून तिरकी झाली आहे. तिच्या कडेवर वॉचमन धुतलेले गणवेश वाळत घालतो. ती काढायचा खर्च सोसायटीने करायचा की केबलवाल्याने, हा विषय गेल्या तीन सर्वसाधारण सभांत पुढे ढकलला आहे.