पाण्यातून दगडात: किरणोत्सारी सीझियम टिपणाऱ्या खनिजांची पार्श्वभूमी

तुर्भ्यात (ट्रॉम्बे) 1956 साली भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि 1960च्या दशकात वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रियाही होऊ लागली. तेव्हापासून मुंबईच्या पूर्व काठावर एक प्रश्न कायमचा वस्तीला आहे: या सगळ्यातून निघणाऱ्या किरणोत्सारी पाण्याचं काय करायचं? त्यातली सर्वांत चिवट मंडळी म्हणजे सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90. दोघांचंही अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, साधारण तीस वर्षांचं.

काही नैसर्गिक खनिजं पाण्यातलं सीझियम सोडियमपेक्षा जास्त पसंतीने धरून ठेवतात, हे या क्षेत्रात लवकरच कळलं होतं. क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटचा (सूक्ष्म छिद्रं असलेल्या खनिजाचा) हा गुण 1960च्या सुमारास अमेरिकेत नीट मोजला गेला. त्याच दशकात तुर्भ्यातही व्हर्मिक्युलाइट या अभ्रकासारख्या पापुद्र्यांच्या खनिजावर काम झालं. हेच काम करणारं परदेशी कृत्रिम रेझिन महाग, खनिज देशात मिळणारं, हा हिशेब त्या काळी सरळ होता. 1985 पासून ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रकल्पात इंधनाच्या तलावांचं पाणी कॅलिफोर्नियाहून आणलेल्या क्लिनोप्टिलोलाइटमधून सोडलं जाऊ लागलं. 1986च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर मात्र ओढे-नद्यांवर घातलेले झिओलाइटचे बांध फारसे उपयोगी पडले नाहीत. बंदिस्त टाकीत पाणी खनिजाच्या थरातून सावकाश जातं, वाहत्या नदीत त्याला तेवढी सवड मिळत नाही.

पण नैसर्गिक शोषकांची खरी कसोटी 2011 साली जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातात लागली, आणि ज्या निर्णयावर अजूनही बोललं पाहिजे तो तिथलाच. अणुभट्ट्यांतलं दूषित पाणी साठवायला जागा नव्हती. म्हणून दोन इमारतींची तळघरं निवडली गेली आणि पाणी भरण्याआधी तिथे झिओलाइटच्या पिशव्या टाकून ठेवल्या. हेतू चांगला होता: पाणी नुसतं पडून राहण्यापेक्षा निदान त्यातलं सीझियम कमी होत राहील. झिओलाइटने आपलं काम चोख केलं. पुढे तळघरं रिकामी करायची वेळ आली, तेव्हा त्या पाण्याखालच्या पिशव्यांजवळ माणूस जाऊ शकणार नाही इतका किरणोत्सर्ग होता. दूरनियंत्रित यंत्रं बनवणं भाग पडलं.

घाईच्या त्या दिवसांत दुसरं काय करता आलं असतं, असं या निर्णयाच्या बाजूने म्हटलं जातं. ते मान्य केलं तरी पिशव्या परत कशा काढायच्या याचा विचार पिशव्या टाकतानाच व्हायला हवा होता. उचलायला साखळी किंवा जाळीचा पिंजरा एवढी सोयही पुढचं काम सोपं करून गेली असती. त्याच वर्षी जूनमध्ये तिथेच झिओलाइट भरलेल्या पोलादी टाक्यांतून पाणी गाळायला सुरुवात झाली. शोषक थकला की टाकी बंद करून तशीच उचलायची आणि साठवायची, ही सोय त्यात मुळापासून होती. शोषक किरणोत्सर्ग नष्ट करत नाही, त्याची जागा बदलतो. म्हणून शोषकाची क्षमता जितकी महत्त्वाची, तितकंच त्याचं भांडंही.

मुंबईकराला इथे एक प्रश्न पडणं साहजिक आहे. कांदिवली-मालाडच्या खदानींतले, पुणे-नाशिककडचे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेत, मग ते इथे का वापरत नाहीत? आपल्या दगडातला ह्यूलँडाइट हा झिओलाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांची आतली चौकट एकच आहे. फरक सिलिका-ॲल्युमिनाच्या प्रमाणाचा, आणि त्याहून मोठा फरक ते सापडण्याच्या रीतीचा. आपल्याकडे हे स्फटिक बेसॉल्टच्या पोकळ्यांत विखुरलेले असतात. क्लिनोप्टिलोलाइट ज्वालामुखीच्या राखेचं रूपांतर होऊन थरच्या थर तयार झालेलं असतं, टनांनी खणता येतं. आपल्या सुंदर स्फटिकांवर गाळणी चालवायची तर डोंगर फोडावे लागतील.

तुर्भ्यात काथ्याच्या भुशावरही प्रयोग झाले. त्यावर निकेल हेक्सासायनोफेरेट हे सीझियम पकडणारं रसायन बसवलं की भुसा सीझियम चांगलं धरतो. किनाऱ्यावरच्या राज्यांत हा माल स्वस्त आणि मुबलक, आणि खनिजाला नसलेला एक गुण त्यात आहे: जाळून त्याचा आकार कमी करता येतो. अडचणही तिथेच आहे. जास्त तापमानाला सीझियमची वाफ होऊन ते धुराबरोबर निघतं, म्हणजे भुसा जाळणाऱ्या भट्टीच्या धुरांड्यावर पुन्हा सीझियम अडवणारी गाळणी लागते.