पौडी आणि अल्मोडा : घटत्या डोंगराची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत उत्तराखंडची लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली. मात्र दोन डोंगरी जिल्ह्यांत माणसं कमी झाली. पौडी गढवाल ६,९७,०७८ वरून ६,८७,२७१ वर आला, अल्मोडा ६,३०,५६७ वरून ६,२२,५०६ वर. त्याच दहा वर्षांत देहरादून, हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर हे जिल्हे तीस टक्क्यांहून जास्त वाढले.

नेमके हेच दोन का? दुर्गमतेने याचं उत्तर मिळत नाही. चमोली आणि पिथौरागढ त्याहून आडवळणी, तरी तिथे घट नाही. मला कारण जुनं वाटतं. १८१५ मध्ये नेपाळच्या गुरख्यांचा पराभव झाल्यावर कुमाऊँ (अल्मोडा यातच) आणि पूर्व गढवाल (पौडी यात) थेट ब्रिटिशांकडे गेले. पश्चिम गढवाल टिहरीच्या राजाकडे राहिला. १८८७ मध्ये गढवाली पलटण उभी राहिली आणि तिचं ठाणं पुढे लॅन्सडाउनला, म्हणजे आजच्या पौडी जिल्ह्यात, बसलं. कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र राणीखेतला, अल्मोडा जिल्ह्यात. घरचा एक पुरुष पगारावर बाहेर, ही रीत इथे लवकर रुजली.

शेती तशीही पोट भरण्यापुरतीच. पावसावरची, पायऱ्यापायऱ्यांची, वाटण्या होत होत तुकडे झालेली. पिकं मंडुवा (आपली नाचणी) आणि झंगोरा (वरईसारखं भरडधान्य). तिला आधार होता जंगलाचा : चारा, सरपण, पालापाचोळ्याचं खत. १९११ ते १९१७ या काळात सरकारने मोठं क्षेत्र राखीव केलं आणि तो आधारच आखडला. लोक गप्प बसले नाहीत. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात कुली-बेगारीच्या, म्हणजे सरकारसाठी सक्तीने ओझी वाहण्याच्या नोंदवह्या शरयूत बुडवल्या गेल्या, उन्हाळ्यात राखीव चिडाची (पाइनची) जंगलं पेटली. १९३१ मध्ये गावानेच जंगल सांभाळायच्या वनपंचायतींचे नियम आले, पण जंगलाचा मोठा भाग सरकारकडेच राहिला. वर सीमेलगत, नीती, माणा, जोहार खोऱ्यांतल्या भोटिया या व्यापारी-पशुपालक जमातीचा तिबेटशी चालणारा मीठ-लोकरीचा व्यापार १९६२ च्या युद्धाने एका झटक्यात संपला.

मग उरली ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ : बाहेरून येणाऱ्या पैशावर चालणारं घर. कोकणातल्या वाचकाला ती समजावून सांगायला नको. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही घटलेच. अल्मोड्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११३९ बायका होत्या. नांगरणी सोडली तर शेत, गुरं, गवत, पाणी सगळं त्यांच्याच अंगावर.

वेगळं राज्य मागण्यामागे हेच दुखणं होतं. ते ९ नोव्हेंबर २००० रोजी मिळालं. २००३ च्या केंद्रीय करसवलतींनी कारखानेही आले, पण पंतनगर आणि हरिद्वारच्या सपाटीवर. खरा फरक इथून पडला. पूर्वी नवरा जायचा आणि घर मागे राहायचं. आता मुलांच्या शाळेसाठी अख्खं बिऱ्हाड पायथ्याच्या कोटद्वार, हल्द्वानी, देहरादूनला उतरतं. स्थलांतराच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये नेमलेल्या पलायन आयोगाने पुढल्या वर्षी अहवाल दिला : २०११ नंतर ७३४ गावं, वाड्या निर्जन झाल्या. निम्मं स्थलांतर रोजगारासाठी, सुमारे १५ टक्के शिक्षणासाठी. मागे राहिलेल्यांची शेतं माकडं आणि रानडुकरं खातात. शेजारची पडीक, म्हणून आणखी जास्त.

डोंगराला याची राजकीय किंमतही मोजावी लागली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विधानसभेच्या ७० पैकी डोंगरी जागा ४० वरून ३४ वर आल्या. पुढची पुनर्रचनाही लोकसंख्येवरच होणार असेल, तर हा आकडा आणखी खाली जाईल.