पाटणच्या मठापासून खिरोद्याच्या शाळांपर्यंत: गोष्टीतल्या विज्ञानाची पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथे कुंडात गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींच्या अंगाला व्याधी जडली होती, रामानं जमिनीत बाण मारला आणि ऊन पाण्याची धार वर आली, अशी त्याची गोष्ट सांगतात. पहिली-दुसरीतलं पोर ही गोष्ट ऐकून पाण्यात हात घालतं आणि विचारतं, ‘मग बाण अजून तापलेलाच हाये का?’ पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, खाली तापतं आणि वाट सापडली की वर येतं, हे सांगायचा मुहूर्त तोच. रामाची गोष्ट खोडायची गरज पडत नाही. पोरानंच तिला पुढचा प्रश्न जोडलेला असतो.

गोष्टीतून विज्ञान हा विषय हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात नवा म्हणून येतो. खान्देशात त्याचा माग काढत गेलं तर चाळीसगावजवळच्या पाटणला पोचतो. तिथल्या शिलालेखाप्रमाणे बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी त्याला दान दिलं. काळ शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० मधली. तिच्यातली गणितं म्हणजे छोट्या छोट्या गोष्टीच आहेत. तळ्यात वीतभर वर आलेलं कमळ वाऱ्यानं कलतं आणि दोन हातांवर पाण्यात बुडतं. तर पाणी किती खोल? (पावणेचार हात.) नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालाय, दोघांचा वेग सारखा, तर मोर त्याला कुठे गाठेल? हे काही बालवाडीचं गणित नव्हे. पण गोष्ट ऐन रंगात आली की थांबवायची आणि पुढचं ऐकणाऱ्यानं शोधायचं, ही युक्ती तेव्हाही माहीत होती. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या लग्नाची वेळ मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही जी कथा आपण हमखास सांगतो, ती मात्र अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादातून आलेली आहे. मूळ ग्रंथात ती नाही.

मठातली विद्या संस्कृतात होती, मोजक्यांसाठी. घरातली विद्या बायकांकडे. आश्विनात फेर धरून म्हणायच्या गाण्यांत सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासू तिला कारल्याच्या वेलाशी अडकवून ठेवते: बी पेरलं का, कोंब आला का, वेल चढला का, फूल लागलं का, कारलं धरलं का. वनस्पतीचं जीवनचक्र इतक्या उत्कंठेनं कुठलं पाठ्यपुस्तक सांगतं, मला माहीत नाही.

याच परंपरेतल्या आसोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१). अक्षरओळख नाही, पण पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं निरखलेलं. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये मुलगा सोपानदेव यांनी कविता छापून आणल्या आणि त्यांतला सुगरणीचा खोपा घरोघरी पोचला. विज्ञान शिकवणाऱ्यासाठी यात एक गंमत आहे. खोपा विणतो तो मुख्यतः नर. अर्धवट विणलेला खोपा मादी येऊन पाहते, पसंत पडला तर तो पुरा होतो. कवितेतली आई खोटी ठरवायचं कारण नाही. पोरांना विहिरीवर झुकलेल्या बाभळीखाली उभं करावं आणि काडी कोण आणतंय, पिवळ्या डोक्याचा की भुऱ्या डोक्याची, एवढंच मोजायला सांगावं.

शाळेतल्या गोष्टीची वाट वेगळी. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते; तिथेच त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक चालवलं. गोष्ट सांगणारा मास्तर म्हणजे गुरुजी, ही ओळख या मातीत तेव्हापासून मुरली. पण ती गोष्ट संस्काराची. पुढच्या मास्तरांनी तिच्यातला जिव्हाळा कमी आणि शेवटचं तात्पर्य जास्त उचललं, आणि तात्पर्य सांगून टाकलं की प्रश्न संपतो. विज्ञानाला ते मानवत नाही.

बालशिक्षणात दुसरा झरा गुजरातेतून आला. भावनगरला गिजुभाई बधेकांनी गोष्टीला वर्गात मानाची जागा दिली. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी बिया, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य मानलं.

खान्देशात विज्ञानशिक्षणाचा थेट प्रयोग झाला तो खिरोद्याला. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या प्राथमिक शाळा कामासाठी निवडल्या. केंद्राच्या सुरुवातीच्या कामातला भाषेचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मुलांना अडतं ते विज्ञान पुष्कळदा नसतंच, अडते पुस्तकी भाषा. ती सोपी केली की मुलं शिकू लागतात.

खान्देशात ही अडचण दुपटीची. घरी अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी आणि भिल्ली. शाळेत मात्र प्रमाण मराठी. ‘बाष्पीभवन’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. ‘पानी आटी गयं’ म्हटलं की दहा पोरं आपापल्या विहिरीची हकीकत सांगू लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं. पण नंदुरबारच्या एकाच वर्गात तीन घरच्या भाषा असतात, आणि बदलून आलेल्या शिक्षकाला त्यांतली एकही येत नसेल, तर गोष्ट आधी त्याला ऐकावी लागते. केळीला बी नसताना ती लावतात कशी, हे बागेत मुनवे (केळीच्या बुडाशी फुटणारे, लावणीचे कोंब) काढणाऱ्या मजुराचं सहा वर्षांचं पोर त्याला सांगू शकतं.