‘स्टारबोर्ड’चा उलटा हुकूम

होडीचा तांडेल सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलतो तेव्हा पाण्यातलं पातं डावीकडे वळतं आणि नाळही, म्हणजे होडीचं पुढचं टोकही, डावीकडे जाते. दांडा ज्याच्या हातात, त्याला हे सांगावं लागत नाही. घोळ सुरू झाला तो हुकूम देणारा एक आणि दांडा धरणारा दुसरा असं झाल्यावर. ब्रिटिश जहाजांवर हुकूम दांड्याला उद्देशून असे. ‘स्टारबोर्ड’ म्हणजे जहाजाची उजवी बाजू; हा हुकूम आला की दांडा उजवीकडे, अर्थात जहाज डावीकडे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चाक आलं आणि दांडा डेकखाली गेला, हुकूम मात्र जुनेच राहिले. चाक, पातं, नाळ तिन्ही डावीकडे आणि तोंडी हुकूम उजवीकडचा! डाव्या बाजूचा ‘लार्बोर्ड’ हा शब्द वाऱ्यात ‘स्टारबोर्ड’सारखा ऐकू येई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये तो मोडीत काढून ‘पोर्ट’ घेतला. (याच जहाजांवरच्या आपल्याकडच्या खलाशांच्या बोलीत ‘जमना’ (उजवा) आणि ‘डावा’ होते, तिथे ही अडचणच नव्हती.) आवाजाचा गोंधळ निस्तरला, दिशेचा पुढे जवळजवळ नव्वद वर्षं तसाच ठेवला.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर हिमनग दिसताच ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ (दांडा पूर्ण उजवीकडे) असा हुकूम सुटला आणि नाळ डावीकडे वळली. चाक उलटं फिरवलं गेलं असं अजूनही कुठे कुठे लिहिलं जातं. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच फिरलं होतं.

अमेरिकी नौदलाने १९१३ मध्ये सुकाण्यासाठी, म्हणजे चाक धरणाऱ्यासाठी, थेट ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ घेतले. १९२९ च्या सागरी सुरक्षेच्या लंडन करारात ठरलं की जहाज पुढे जात असताना ‘स्टारबोर्ड’ किंवा ‘राइट’ म्हटलं की चाक, पातं आणि नाळ उजवीकडेच जायला हवी. दोन्ही शब्द चालतील, अशी मुभा होती. ब्रिटिशांनी जुनेच शब्द ठेवले, त्यामुळे १ जानेवारी १९३३ पासून त्याच हुकमाचा अर्थ नेमका उलटा झाला. हात वर्षानुवर्षं एका वळणाला बसलेले असताना हा निर्णय धोक्याचाच होता. ‘स्टारबोर्ड’ ही जहाजाची बाजू आहे, माणूस कुठेही तोंड करून उभा असला तरी ती बदलत नाही, असं त्याचं समर्थन करतात. डेकवर ते पटतं. पण सुकाण्याचं तोंड कायम नाळेकडेच असतं.

आज ‘स्टारबोर्ड टेन’ म्हणजे पातं १० अंश उजवीकडे. सुकाणी आधी हुकूम उच्चारतो, मग चाक फिरवतो, आणि पात्याचा कोन दाखवणारा काटा दहावर आला की पुन्हा सांगतो. आधी फिरवून मग बोललं, तर ऐकण्यातली चूक नाळ वळायला लागल्यावरच कळते. ‘मिडशिप्स’ने पातं शून्यावर येतं, पण अवजड जहाज फिरतच राहतं, ते थांबवायला उलट बाजूचं सुकाणू द्यावं लागतं.

आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या होड्यांना हा नियम लावता येत नाही, तिथे दांडा आजही उलटाच चालतो. ट्रॉलरच्या चाकाची सवय झालेला खलाशी धक्क्याजवळ घाईत चुकतो तो इथेच.