गाडीदर्शक फलक (सोलापूर स्थानक)

रेल्वे स्थानकावर येणाऱ्या-सुटणाऱ्या गाड्यांचे क्रमांक, नाव, वेळ व फलाट दाखवणारा विजेवरचा फलक. बोलण्यात 'इंडिकेटर'. महाराष्ट्रात मजकूर मराठी, हिंदी व इंग्रजीत आळीपाळीने उमटतो. वेळ २४ तासांच्या घड्याळाची असते, त्यामुळे रात्री पावणेअकराची गाडी २२:४५ अशी लागते.

फलकावरची ओळ लहान. तिच्यात गाडीचे नाव किंवा शेवटचे स्थानक एवढेच मावते, वाटेतली गावे नाहीत. सोलापूर मुंबई–चेन्नई मार्गावर मध्येच असल्याने इथे ही अडचण जास्त जाणवते. पुण्याला जाणाऱ्याने फक्त 'पुणे' शोधले तर हुतात्मा एक्सप्रेससारख्या मोजक्याच गाड्या सापडतील. 'मुंबई' लागलेल्या सिद्धेश्वर, उद्यान आणि फेब्रुवारी २०२३ पासूनची वंदे भारत याही पुण्यावरूनच जातात. उलट 'नवी दिल्ली' लागलेली कर्नाटक एक्सप्रेस कुर्डुवाडीमार्गे त्याच दिशेने निघते, पण दौंडहून अहिल्यानगर-मनमाडकडे वळते. पुणेकराने तिच्यात बसू नये. दक्षिणेकडे असाच फाटा होटगीला आहे: वाडीकडची गाडी कलबुर्गीला नेते, गदगकडची विजयपूरला.

नावावर विसंबणेही धोक्याचे, कारण जाता-येता नाव एकच. डब्यावरच्या पाटीवर तर दोन्ही टोकांची स्थानके असतात, दिशा नसते. म्हणून क्रमांक पाहावा. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर १२११५, सोलापुराहून सुटणारी १२११६; हुतात्माची येणारी १२१५७, जाणारी १२१५८. डिसेंबर २०१० पासून क्रमांक पाच आकडी झाले. पहिला आकडा शून्य असेल तर गाडी विशेष. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरसाठी सुटणाऱ्या जादा गाड्या अशा लागतात. नेहमीचा प्रवासी शेवटचे दोन आकडे पाहूनच फलाट गाठतो.

मुंबईच्या लोकल इंडिकेटरला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. तिथे शेवटच्या स्थानकासोबत गाडी धीमी की जलद आणि डबे किती, हेही दाखवतात. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी डब्यांची माहिती फलाटावरचे छोटे दर्शक देतात. त्यावरचा 'एस ४' किंवा 'बी २' पाहून सामानासह उभे राहायची जागा ठरते. ऐनवेळी फलाट बदलला तर मात्र फलकापेक्षा घोषणेकडे कान लावलेला बरा.