अधिक-उणे सव्वातीन सेंटिमीटर

हाडांवरून माणूस ओळखायचं शास्त्र शिकायला इंग्लंडला गेलेली भाची नाताळच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेलं मांडीचं हाड होतं. होतं प्लॅस्टिकचंच, तरी तिच्या आजीनं "आधी ते देवघरासमोरून उचल" म्हणून सुनावलंच. हाड जेवणाच्या टेबलावर आलं. "मावशी, मोज," भाची म्हणाली. मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. पहिल्यांदा ४५.३ सेंटिमीटर भरलं, दुसऱ्यांदा ४४.८, तिसऱ्यांदा ४५.१. मी ओशाळले, ती मात्र खूश झाली. तिच्या वर्गातही पहिल्या दिवशी असंच झालं होतं.

मांडीचं हाड सरळ नसतं, पुढच्या बाजूला किंचित बाक असतो. टेप त्या बाकावरून गेली की लांबी वाढते. वरचा गोळा आणि गुडघ्याकडचं टोक यांतला नेमका कुठला बिंदू धरायचा, हेही दर वेळी हात वेगळं ठरवतो. म्हणून प्रयोगशाळेत त्यासाठी एक खास फळी असते. चपलांच्या दुकानात पावलाचं माप घ्यायला सरकती पट्टी असते ना, तशीच. एका टोकाला पक्का आडवा ठोकळा, दुसऱ्या टोकाला सरकणारा, मध्ये हाड. तरीही दोन जणांची मापं एखाद-दोन मिलिमीटरनं चुकतातच.

मग तिनं कागदावर हाडावरून माणसाची उंची काढायचं सूत्र लिहिलं. हाडाच्या लांबीला २.३८ ने गुणायचं आणि त्यात ६१.४१ मिळवायचे. ४५ सेंटिमीटरच्या हाडासाठी उंची आली १६८.५ सेंटिमीटर. "म्हणजे साडेपाच फूट," मी म्हटलं. "थांब," म्हणत तिनं पुढे लिहिलं : अधिक-उणे ३.२७. तेवढ्या पट्ट्यात साधारण तीनातली दोन माणसं बसतात. शंभरातली पंचाण्णव बसवायची तर पट्टा दुप्पट करायचा, म्हणजे १६२ ते १७५ सेंटिमीटर. फुटांत सांगायचं तर पाच-चार ते पाच-नऊ. आमच्या सोसायटीतले निम्मे पुरुष त्यात सहज मावले असते.

हाडं बोलतात, असं मालिकांमधून आपण ऐकत आलो. पण हाडं पुटपुटतात. त्यातलं किती ऐकू आलं आणि किती आपण आपल्या मनानं भरलं, हे प्रामाणिकपणे सांगता येणं म्हणजे फॉरेन्सिक अँथ्रोपोलॉजी. मराठीत न्यायवैद्यक मानवशास्त्र म्हणायचं. शब्द जड आहे. भाची नुसतं 'हाडं' म्हणते. "आज हाडं आहेत दोन ते पाच."

ती बारावी कॉमर्सची. फाउंडेशन इयर या वाटेनं ती इथवर गेली. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची. ज्यांच्याकडे त्या पदवीसाठी लागणारे विषय किंवा गुण नसतात, त्यांच्यासाठी काही विद्यापीठं आधी एक वर्ष जोडतात, की अभ्यासक्रम झाला चार वर्षांचा. त्या वर्षात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, थोडं गणित-संख्याशास्त्र, प्रयोगशाळेत वावरायची शिस्त आणि निबंध-अहवाल लिहिणं शिकवतात. १२० क्रेडिट मिळवून पास झालं की पदवीच्या पहिल्या वर्षात जागा. नुसतं फाउंडेशन करून हातात पदवी येत नाही. भाऊजींनी ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, "म्हणजे पैसे भरून परत अकरावी?" प्रश्न रास्त होता. ज्यांची बारावी सायन्स चांगल्या गुणांनी झाली आहे, त्यांना बरीच विद्यापीठं थेट पहिल्या वर्षाला घेतात. अशा मुलांच्या गळ्यात कुणी एजंट फाउंडेशन मारत असेल तर आधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतः विचारावं. एका वर्षाची परदेशी फी आणि राहण्याचा खर्च ही काही किरकोळ रक्कम नाही. स्कॉटलंडची गोष्ट निराळी, तिथे पदवीच मुळात चार वर्षांची. हाडं आणि शरीररचना यांसाठी नावाजलेलं डंडी विद्यापीठ तिकडचंच. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठात कवटीवरून चेहरा घडवणारी 'फेस लॅब' आहे. तिच्या प्रमुख कॅरोलाइन विल्किन्सन यांनीच, डंडीत असताना, लेस्टरच्या कारपार्कखाली २०१२ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा चेहरा उभा केला होता.

पण भाऊजींच्या त्या 'परत अकरावी'त काय असतं, हे मला टेबलावरच्या हाडानं समजावलं. मोजायचं, पुन्हा मोजायचं, चूक लपवायची नाही, तिला आकडा द्यायचा. वर्षभर हेच. मला वाटतं, पदवीच्या तीन वर्षांत शिकायच्या हाडांच्या नावांपेक्षा हे अवघड आहे.

पोलिसांनी पिशवीतून हाडं आणली की पहिला प्रश्न असतो, ही माणसाची आहेत का? बऱ्याचदा नसतात. बकरी, डुक्कर, कुत्रा. कातडी आणि नख्या गेलेला अस्वलाचा पंजा माणसाच्या हातासारखा दिसतो आणि भल्याभल्यांना चकवतो. मग हाडं किती जणांची? दोन डाव्या मांड्या असतील तर माणसं किमान दोन. त्यानंतर स्त्री की पुरुष, वय काय, उंची किती. शेवटी इजा. ओली काठी वाकते, सोलवटते, तिरकी चिरते. वाळकी कट्कन मोडते. हाडाचंही तसंच, त्यामुळे मोड मृत्यूच्या सुमाराचा की हाड सुकल्यावर कुणाच्या कुदळीचा, हे बहुधा कळतं. कडा भरून यायला लागल्या असतील, तर माणूस त्यानंतर जगला होता.

वयाची गंमत आपल्या घरातच असते. बाळाची टाळू आपण तेल घालून भरतो. ती मऊ जागा म्हणजे कवटीची हाडं अजून जुळायची आहेत. दीड-दोन वर्षांत ती मिटते. जन्मताना शरीरात हाडांचे सुमारे ३०० तुकडे असतात, जुळत जुळत ते २०६ होतात. सगळ्यांत उशिरा जुळतं ते हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक, विशीच्या अखेरीस. त्यामुळे लहान मुलाचं वय महिन्यांच्या हिशोबात सांगता येतं, पंचविशीतल्याचं काही वर्षांच्या फरकानं, आणि पन्नाशी उलटली की हाडांकडे फक्त झीज उरते, अंदाज दहा-वीस वर्षांचा होतो. स्त्री-पुरुषाचं बरोबर उलट. मोठ्या माणसाचं कंबरेचं हाड हाती आलं तर जाणकार सहसा चुकत नाही, कारण बाळंतपणाची वाट तिथून जाते. पण वयात न आलेल्या मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीनं सांगता येत नाही.

या विद्येनं नाव कमावलं त्या खटल्यातला आरोपी मुंबईचा होता. बख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, जन्म १८९९, पारशी, मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झालेला. इंग्लंडात लँकेस्टरला बक रक्स्टन या नावानं त्याचा दवाखाना जोरात चालायचा. सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळ, पुलाखालच्या ओढ्यात, कापड आणि वर्तमानपत्रांत बांधलेले मानवी अवयव सापडले. सुमारे सत्तर तुकडे. ज्यानं केलं त्याला शरीर ठाऊक होतं : ओळख पटेल असे चेहऱ्याचे भाग आणि काही बोटांची टोकं काढून टाकली होती. सुरुवातीला तर एक पुरुष आणि एक स्त्री, असाच समज झाला होता.

ग्लासगोचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि एडिंबराचे शरीररचनेचे प्राध्यापक जेम्स ब्रॅश यांनी तुकडे जुळवले. निघाल्या दोन स्त्रिया. एकीची हाडं अजून पुरती जुळलेली नव्हती, म्हणजे वय विशीच्या आसपास. दुसरीचा अंदाज पस्तीस ते पंचेचाळीस. डॉक्टरची बायको म्हणून राहणारी इसाबेला बेपत्ता होती, वय ३४. आणि मुलांना सांभाळणारी मेरी रॉजरसन, वय २०. अंदाज एका वर्षानं हुकला होता, तरी दिशा दाखवायला पुरला. वर्तमानपत्राचा एक तुकडा 'संडे ग्राफिक'च्या १५ सप्टेंबरच्या खास आवृत्तीचा होता. ती फक्त लँकेस्टर-मोरकँब भागात विकली गेली होती.

ब्रॅश यांनी पुढे जे केलं, ते त्या काळी नवं होतं. इसाबेलाचा डोक्यावर मुकुटासारखा दागिना घातलेला एक फोटो होता. तो दागिना मिळवून मोजला, त्या मापानं फोटो खऱ्या आकाराचा केला, कवटीचा फोटो त्याच कोनातून काढला आणि एकावर एक ठेवला. जुळलं. पण ही कवटी इसाबेलाचीच, असं पुराव्यानं म्हटलं नाही. दुसरी कवटी तिची असू शकते, पहिली असूच शकत नाही, एवढंच. खटला मँचेस्टरला चालला आणि १२ मे १९३६ रोजी रक्स्टनला फाशी झाली. भाचीच्या वर्गात हा खटला शिकवतात तेव्हा सर कवट्यांबद्दलच्या त्या वाक्यावर थांबतात, असं ती म्हणाली. 'असू शकते' आणि 'असूच शकत नाही' यांतलं दुसरं सिद्ध करणं पुष्कळ सोपं.

चुकाही शिकवतात, आणि मला तेच जास्त आवडलं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत एका उकरलेल्या कबरीतलं प्रेत पाहून हाडांचे तज्ज्ञ विल्यम बास यांनी, मृत्यू होऊन फार तर वर्ष झालं असेल, असं सांगितलं. मांस अजून गुलाबी होतं. निघाला तो १८६४ मध्ये यादवी युद्धात पडलेला कर्नल शाय. मसाला भरून, लोखंडी पेटीत हवाबंद ठेवलेला. चूक ११३ वर्षांची! बास यांनी ती लपवली नाही. प्रेत कसं कुजतं हे आपल्याला माहीतच नाही म्हणत त्यांनी १९८१ मध्ये नॉक्सव्हिलला त्याच्या अभ्यासासाठी जागा सुरू केली. देहदान केलेली प्रेतं तिथे उघड्यावर ठेवून नोंदी घेतात.

टेबलावरच्या त्या २.३८ चीही कथा आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनातज्ज्ञ १९४८ मध्ये हवाईला गेल्या, पॅसिफिकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांची ओळख पटवायला. भरतीच्या वेळी सैनिकाची उंची दफ्तरात लिहिलेली, हाडं समोर. अशी जोडी एरवी कुठे मिळते? गोल्डीन ग्लेसर या संख्याशास्त्रज्ञ बाईंना घेऊन त्यांनी १९५२ मध्ये सूत्रं छापली. जगभर वापरली गेली. चाळीसेक वर्षांनी लक्षात आलं की ट्रॉटर यांनी नडगीचं हाड मोजताना घोट्याचं टोक वगळलं होतं, आणि कृती लिहिताना मात्र ते धरा असं लिहिलं होतं. त्यांच्या सूचना प्रामाणिकपणे पाळणाऱ्याची उंची अडीच-तीन सेंटिमीटरनं जास्त येत होती.

हे शिकून इथे परत आल्यावर काय, हा भाऊजींचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर भाची गोड करून सांगत नाही. आपल्याकडे बेवारस सांगाडा सापडला की आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, हाडं वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागात जातात, डीएनएचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. नुसती हाडं वाचणारा माणूस, असं वेगळं पद सहसा नसतं. विलायतेतही हे काम करणारे बहुतेक जण विद्यापीठात शिकवतात आणि बोलावणं आलं की जातात. इथे शिकायचं तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं गोव्यात फोंड्याला केंद्र आहे. आणि हाडांवर जुना हात आहे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत पुरलेली मुलं सापडली, आणि पावलं तोडून पुरलेली मोठी माणसं. वय, आजार, दात हे सगळं तिथेही याच रीतीनं वाचलं गेलं. फक्त न्यायालय नव्हतं.

भाची आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. वर्गात आता खरी हाडं हाताळतात. जुनी पेटी, हाडांना पिवळट तकाकी, टोकं हातांनी हाताळून झिजलेली, सांध्यात गंजकी तार. सरांनी सांगितलं, हा सांगाडा बहुधा भारतातला असेल. ब्रिटनमधल्या शाळा-कॉलेजांतले बरेच जुने सांगाडे आपल्याकडचेच. कोलकात्याहून जहाजानं जात. मृतांच्या घरच्यांना विचारायची पद्धत त्या धंद्यात नव्हती. १९८५ मध्ये भारत सरकारनं निर्यात बंद केली. आपल्याकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं सीनियरकडून 'बोन सेट' विकत घेतात, तो कुणाचा, हे कुठे कोण विचारतं?

तिला त्या सांगाड्याच्या मांडीच्या हाडावरून उंची काढायची होती. फळीवर तीनदा मोजलं, सरासरी घेतली. मग अडली. ट्रॉटरबाईंचं सूत्र गोऱ्या अमेरिकन सैनिकांचं, ते इथे कसं लावायचं? भारतीयांची सूत्रं निघाली आहेत, पण ती त्या त्या प्रांतातल्या लोकांवरून. बंगालचं लावू, बिहारचं लावू? पेटीवर नुसता नंबर होता.

"मग काय लिहिलंस?" मी विचारलं.

"दोन सूत्रांनी काढलं, दोन्ही उत्तरं लिहिली," ती म्हणाली. "अधिक-उणे जरा मोठं ठेवलं."